कोरी डिस्क

परसातल्या गॅरेजमध्ये बसून ट्रॉय सहा वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता, आणि तीसुद्धा शाळेत शिकलेल्या बेसिक भाषेत. "माझी सिस्टिम कोणाच्या जिवावर चालत नाही, आई. स्वतःच्या पायावर उभी आहे!" छत्तिशीतल्या लेकाचं हे वाक्य ग्लेनिसला आता पाठ झालं होतं. ती नुसती मान डोलवायची आणि त्याचे मळके कपडे उचलून धुवायला न्यायची.

आज त्याने पहिल्यांदाच ती सिस्टिम दुसरी कुठलीच सिस्टिम नसलेल्या, कोऱ्या डिस्कच्या कॉम्प्युटरवर चालवून बघितली. ग्लेनिस चहा आणि व्हेजिमाइट लावलेला टोस्ट घेऊन आली, तेव्हा पडदा काळाठिक्कर होता आणि ट्रॉय डोकं धरून बसला होता.

"काय रे, काय झालं?"

"माझं बेसिक मशीनच्या भाषेत बदलून देणाऱ्या त्या कंपायलरने घात केला. पडद्यावर साधं एक अक्षर काढायचं, तरी तो गुपचूप कॉम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टिमकडून काम करून घ्यायचा. माझ्या सिस्टिमच्या खाली इतकी वर्षं तीच राबत होती, आई."

"आणि तुला सहा वर्षांत कळलं नाही?"

"ती होती तोवर कसं कळणार? आज नव्हती, तेव्हा कळलं."

ग्लेनिसने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसकण मारली. महिनाभर ती जे सांगायचं टाळत होती, ते आज सांगून टाकायचं तिने ठरवलं.

 

"हे घर विकलंय आम्ही, ट्रॉय. मी आणि बाबा पुढच्या महिन्यात कायमचे केर्न्सला चाललोय, आणि तिथल्या फ्लॅटला गॅरेज नाहीये."