अवसेचा बुधवार

सीतालक्ष्मीच्या ऑपरेशनला बुधवार मिळाला, आणि त्या बुधवारी अमावास्या होती.

"वहिनी, अवसेला कुणी अंगाला सुरी लावून घेतं का?" पुण्याहून मदतीला आलेल्या धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, आणि त्या भेंडी चिरायला बसल्या.

खरं तर तंजावरहून मद्रासला आलेल्या या मराठी घराला अवसेचं वावडं नव्हतं. आजूबाजूचे तमिळ लोक अवसेला दुकान उघडतात, नवी गाडी घेतात. त्यांच्यात पिढ्या काढल्यावर यांनाही तो दिवस चांगलाच वाटायचा. सर्जन नारायणस्वामींनी तर तारीख देताना मुद्दाम सांगितलं होतं, अमावास्या आहे, 'नल्ल नाळ', शुभ दिवस. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती आणि गाठ कॅन्सरची होती, तेव्हा उशीर नको, असंही ते म्हणाले होते.

पण भिंतीवर तमिळ कॅलेंडर आणि कपाटात जाऊबाईंनी दरवर्षी पाठवलेलं मराठी पंचांग, यामुळे घरात एक सोय झाली होती. सीतालक्ष्मीच्या नवऱ्याला, राघोत्तमला, जे करायचं नसेल ते दोहोंपैकी एकात हमखास वर्ज्य निघे. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातली बढतीची परीक्षा अशीच टळली होती, मुलीला आलेलं एक चांगलं स्थळही. सीतालक्ष्मी शाळेत गणित शिकवायची. नवऱ्याच्या या हिशोबाची ती मनसोक्त थट्टा करायची.

या खेपेला तिनं थट्टा केली नाही. "म्हणजे बुधवार नको म्हणतां?" एवढंच तिनं जाऊबाईंना विचारलं, आणि आपला आवाज किती आशेनं निघाला ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिला भीती वाटत होती. छातीची डावी बाजू सगळीच काढणार होते. बुधवार पुढं ढकलायला कुणीतरी पहिल्यांदाच आयतं कारण हातात दिलं होतं.

राघोत्तमनं तर वादही घातला नाही. "तीन आठवडे होऊं दे की, मग जाऊं," म्हणत त्यानं शर्ट चढवला आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून इस्पितळाला फोन करायला निघाला. एरवी त्याला चपला सापडायच्या नाहीत. आज लगेच सापडल्या.

शुक्रवार होता. डोक्याला तेल चोपडलेलं होतं, म्हणून सीतालक्ष्मी न्हायला गेली. शिकेकाई चोळता चोळता हात सवयीनं छातीकडं वळला. पोंगलच्या सुमाराला पहिल्यांदा लागली तेव्हा गाठ तुरीच्या दाण्याएवढी होती. आता सुपारीएवढी झाली होती. वाढताना तिनं अष्टमी पाळली नव्हती, नवमी पाळली नव्हती, राहुकाळ पाहिला नव्हता.

 सीतालक्ष्मीला राग आला, राघोत्तमचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिनं कसंबसं लुगडं गुंडाळलं आणि केसांतली शिकेकाई तशीच घेऊन ती बाहेर धावली. जाऊबाई विळीवरून उठेपर्यंत ती दारापुढच्या, तिरुवल्लिकेणी पेठेतल्या गल्लीत पोचलीही होती.

समोरच्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, सज्जांत नोकरीवाले ब्रह्मचारी दात घासत उभे होते. गल्लीच्या टोकाला राघोत्तम दुकानाच्या पायरीवर दिसत होता. रिसीव्हर कानाला, बोट डायलमध्ये.

"अहो," तिनं हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. ती आणखी पुढं जाऊन मोठ्यानं "अहो" म्हणाली, तेवढ्यात सायकलरिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. त्या तमिळ गल्लीत 'अहो' म्हणजे कोण हे दुसऱ्या कुणाला कळणार, आणि त्याला कोण सांगणार?

लग्नात सगळ्यांनी आग्रह करून उखाण्यात घ्यायला लावलं तेवढंच. त्यानंतर बावीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"राघोत्तम!" ती ओरडली. "फोन ठेव. बुधवारीच जायचं."

वरचे ब्रश थांबले. औषधवाला चष्म्यावरून पाहू लागला. त्या नावानं, त्या सुरात राघोत्तमला एकट्या त्याच्या आईनंच हाक मारली होती, आणि ती जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्यानं रिसीव्हर खाली ठेवला, तो वळला, आणि भर रस्त्यात त्यानं ओ दिली.