मैदानातला भागाकार

“तिघं-तिघं!” सावनी मॅडमची शिट्टी वाजली आणि तिसरीची मुलं मैदानभर सैरावैरा पळाली. तिघांनी हात धरायचे, गोल करून खाली बसायचं. जो उरेल, ती भागाकाराची बाकी. तपासणीला आलेले केंद्रप्रमुख खुर्ची सोडून उभे राहिले. चिकलठाण्याच्या त्या शाळेत फळ्यावर कधी न उमगलेला भागाकार पोरं पायांनी करत होती.

खेळ सावनीचाच. पण पहिल्याच दिवशी घात झाला होता. करमाडहून नुकतीच आलेली सोनिया एकटी उरली. तिचं ‘लई’ आणि ‘व्हय’ ऐकून पोरं फिदीफिदी हसायची. हात कोण धरणार? ती रडवेली झाली, तशी सावनीनं उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

“बघा, ही आपली बाकी! वाजवा टाळ्या!”

टाळ्या कडाडल्या. सोनियाही हसली. वर्गाला भागाकार कळला आणि सोनियाचं नाव बाकी पडलं. पाण्याच्या टाकीपाशी बाकी, डबा खाताना बाकी. सावनी एकदोनदा पोरांवर ओरडली, पण खेळ तसाच चालू राहिला. पुढं पुढं तर शिट्टी वाजली की सोनिया आपणहून लिंबाखाली जाऊन उभी राहायची, आणि उदाहरण कसं झटकन सुटायचं. या एका पोरीच्या जिवावर आपण सगळ्यांना गणित शिकवतोय, हे सावनीला फार उशिरा टोचलं. मग मात्र तिला रात्री धड झोप लागेना.

म्हणून आज तिनं हजेरी घेतानाच हिशेब केला होता. सम्यक तापानं घरी होता. उरली चोवीस. तिघांचे गट केले तर कुणीच उरणार नव्हतं. आज सोनिया गटात बसेल, हळूहळू ते नावही पुसलं जाईल, एवढीच तिची आशा होती.

धुरळा खाली बसला. सगळे गट बसले होते. सत्यम आणि विशाखा मात्र दोघंच उभे होते, हात पसरून.

“ए सोनिया, ये की इकडं! आम्हाला एक कमी पडतंय!”

लिंबाखालची सोनिया जागची हलली नाही.

सावनी धावत गेली. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “जा ना गं बाळा गटात. आज बाकी शून्य आहे.”

सोनियानं क्षणभर विचार केला. शहाण्यासारखी मान डोलावली.

“मंग मी घरी जाऊ का, मॅडम?”