पेशंटचं काम

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कसा थांबवायचा, याची वॉर्डात दर महिन्याला तालीम व्हायची. पेशंटचं काम ठरलेलं, धाकट्या नर्सकडे. बया अशी ठो ठो बोंबलायची की मोठ्या सिस्टर कपाळावर हात मारायच्या, "अगं, नाटक कंपनी आहे का ही!"

आज ती त्याच वॉर्डात खरोखरची बाळंत झाली. बाळाभोवती नुसता गलका. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "सिस्टर, खाली फार ओलं लागतंय हो."

सिस्टरांनी चादर उचलली, तर खाली रक्ताचं थारोळं. "चला गं, आपापल्या जागेवर!" एकीनं इंजेक्शन भरलं, दुसरीनं सलाईन जोडलं, तिसरी डॉक्टरांकडे पळाली. सिस्टर तिचं ओटीपोट जोरजोरात चोळत राहिल्या. लोण्यासारखं मऊ पडलेलं गर्भाशय तळव्याखाली हळूहळू चेंडूसारखं टणक झालं.

"थांबलं! रक्त थांबलं!" सगळ्या एकदम ओरडल्या.

तिनं डोळे किलकिले केले. "कसं झालं माझं काम?"

"भिकार! एकदासुद्धा ओरडली नाहीस," सिस्टर डोळे पुसत कडाडल्या. "पुढच्या तालमीपासून पेशंट मी होणार. तुला नाही जमत ते."