अर्धा फेरा जास्त

गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक मिस्त्री मापात आवळायचे. नट हाताला घट्ट लागला की पाना खाली. पण आज गाडी लेकीची होती, रस्ता आठ तासांचा होता आणि ती एकटीच निघाली होती. आपल्याच जिवाला स्वस्थता म्हणून त्यांनी प्रत्येक नटाला अर्धा फेरा जास्त दिला.

शेवटच्या नटावर पाना एकाएकी हलका झाला. आटे गेले. त्यांनी शेजारचा नट उघडून पाहिला, तर त्याच्याबरोबर स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या, आट्यांचा चुरा हातात आला.

लेक बॅग घेऊन बाहेर आली.

“आज निघू नकोस गं. चाकाचे दोन स्टड गेलेत. नवे आणून बसवायला उद्याची दुपार होईल.”

“उद्या सकाळी मला कामावर हजर व्हायचंय, बाबा.”

मिस्त्रींनी काळा हात पुढे केला. तळव्यावर नट होता. “हे बघ, आट्यांचा भुगा झालाय. चाक निखळेल. तुझी शपथ.”

“माझी शपथ मागच्या खेपेलाही घेतली होतीस.” तिने मायेनेच त्यांची मूठ मिटवली आणि गाडीत बसली. “लाव तो नट परत. तेव्हा तू जळाला म्हणाला होतास तो फ्यूज चांगला धडधाकट तुझ्याच सदऱ्याच्या खिशात निघाला होता.”