आईची कानडी

"नीरु," आई म्हणाली. पक्षाघातानंतर आठवड्याने तिच्या तोंडून फुटलेला तो पहिला शब्द. माझ्या बायकोने, शिवलीलाने, "पाणी मागताहेत," म्हणत लगेच तिच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला.

आई जन्मभर काही ना काही शिकत राहिली. चौथीत सुटलेली शाळा तिने माझ्यासोबत अभ्यास करून मॅट्रिकपर्यंत नेली. पुढे धारवाडची सून घरात अबोल होऊन बसते, म्हणून साठीत तिच्याकडून कानडी शिकली. आता डोक्यात तेवढीच भाषा उरली होती. मराठी पार पुसली गेली, आणि तिच्याबरोबर मीही.

एका दुपारी माझा हात धरून ती बराच वेळ बोलली. शिवलीलाचे डोळे भरून आले.

"काय म्हणतेय?"

"म्हणतात, माझ्या मुलाला निरोप धाडा. लवकर ये म्हणावं, माझ्याच्यानं आता थांबवत नाही."

"अगं, मी इथंच आहे! सांग तिला."

"सांगून थकले. तुम्हीच सांगा. म्हणा, अव्वा, नानु बंदे. आई, मी आलो."

मी म्हणालो. उच्चार चुकला असावा. आईने मान हलवली आणि सावकाश म्हणून दाखवलं, "ना-नु बं-दे." मी पुन्हा म्हणालो, तिने पुन्हा सुधारलं. शेवटी जमलं, तेव्हा तिने कौतुकाने माझा गाल थोपटला.

मग मान वळवून ती दाराकडे बघत राहिली. सकाळी गेली, तेव्हाही तिचे डोळे दाराकडेच होते.