पुतळीची हाक

चिंचणीत दारोदार बोंबील विकणाऱ्या पुतळीच्या गळ्यातली गाठ डहाणूच्या दवाखान्यात काढली, पण घशाची आग थांबेना. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. झोप तर पार उडाली होती. नवरा नारू उशाशी बसून होता.

शेवटी दुपारी डॉक्टरांनी तिच्या मानेतल्या नसेजवळ इंजेक्शन दिलं. "घसा बधिर होईल, झोप लागेल. थोडा वेळ आवाज बसेल, घाबरू नका," ते म्हणाले.

बघता बघता पुतळीचा चेहरा निवळला आणि तिला गाढ झोप लागली. नारूच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "बोंबील घ्या वो, ताजं बोंबील!"

नारू दचकला. तो हेल पुतळीचाच होता. त्याने खिडकीतून पाहिलं. रणरणत्या उन्हात रस्ता मोकळा होता. मागे खाटेवर पुतळी तोंड मिटून झोपली होती.

पुढची हाक आवारातून आली. मग व्हरांड्यातून.

पुतळीने खाडकन डोळे उघडले. तोंडही उघडलं, पण शब्द फुटेना.

"अवो," बंद दाराबाहेरून तिचाच आवाज आला, "आत येऊ का?"

नारू उठू लागला, तसा पुतळीने त्याचा हात गच्च धरला आणि टाके घातलेली मान ती जोरजोरात हलवू लागली.