पैदाशीचा कोंबडा

साहेबांची जीप पाड्यावर येऊन थांबली, तेव्हा यादव पिंजऱ्यापुढे उभा होता. दार उघडं होतं आणि आत कोंबडा नव्हता. चुलीकडून मसाल्याचा वास येत होता.

"आय, मोठा कोंबडा कुठं गेला?"

"जातो कुठं? शिजतोय." भिमाबाईनं फुंकणीनं जाळ वाढवला. "नाशिकहून एवढा मोठा साहेब येतो, त्याला काय बारकं घालू? पाडा थुकंल तोंडावर."

पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत तीन वर्षं यादवनं गावठी कोंबड्यांची निवड चालवली होती. जी जास्त अंडी देईल तिचीच अंडी उबवायची, पिल्लांतला सगळ्यात वजनदार नर पैदाशीला ठेवायचा, बाकीचे सुरगाण्याच्या बाजारात. या सगळ्या निवडीचं फळ म्हणजे तो कोंबडा. साहेब घाट चढून आले ते त्यालाच बघायला. पसंत पडला तर कोंबड्या यादवकडे राहणार, नाहीतर सगळ्या उचलून दुसऱ्या गावाला देणार. शिवाय कोंबडा योजनेतला, म्हणजे सरकारी. सरकारी कोंबडा खाल्ला तर कुठलं कलम लागतं, हे यादवला माहीत नव्हतं. कलम असणार, एवढं माहीत होतं.

"आधी कोंबडा बघू," साहेब उतरता उतरता म्हणाले.

"आधी जेवण!" यादव एवढ्यानं ओरडला की ड्रायव्हर दचकला. "म्हंजे... भाकरी निवंल, साहेब."

भूक साहेबांनाही होतीच. ते ओट्यावर मांडी घालून बसले. नागलीची भाकरी आली, रस्सा आला. शेजारच्या पुंजाचा कोंबडा आणून दाखवावा, असं यादवच्या मनात येऊन गेलं. पण तो निम्म्या वजनाचा, त्यात लंगडा.

"वा!" साहेबांनी तंगडी उजेडात धरली. "हाड बघा, मांस बघा. असा नर कापायचा नसतो रे यादव. पैदाशीला ठेवायचा असतो."

"चुकलंच, साहेब."

"असू दे. तुझ्याकडे याहून मोठा आहे म्हणून तर आलो."

सरकारी कोंबडा सरकारच खात होतं, घाम मात्र यादवला फुटला होता. साहेबांनी आणखी एक भाकरी घ्यावी, मग आणखी एक, आणि असंच संध्याकाळपर्यंत चालावं, एवढंच तो डोंगरदेवाकडे मागत होता.

देवानं दोन भाकऱ्या ऐकल्या. साहेबांनी बोटं चाटली, चूळ भरली.

"चला. तो तीन वर्षांच्या निवडीचा कोंबडा, त्याला आण आता इकडे."

यादव पाण्याचा तांब्या पुन्हा भरायला वळला.

भिमाबाई फडक्यानं पातेलं धरून बाहेर आली. तिनं ते साहेबांपुढे ठेवलं आणि झाकण काढलं.

"हा काय," ती म्हणाली. "दुसरी तंगडी तुमच्यासाठीच राखलीय."